फणसाचें लांकूड आणि विजेची गिटार

गिरगांवांतील फणसवाडींत आज कोणी फणसाचें झाड शोधूं गेल्यास त्याच्या पदरीं निराशाच यावयाची. आंबेवाडींत आंबा नाहीं, केळेवाडींत केळ नाहीं. झाडें गेलीं, नांवें तेवढीं राहिलीं. तरीपण या वाडींत बसून वाद्याच्या लांकडाचा विचार करणें अगदींच अप्रस्तुत ठरूं नये. कोंकणी माणसाला फणस म्हटला कीं गरे आठवतात, फार तर आजोळच्या घराची पिंवळसर तुळई आठवते. परंतु तंजावरकडे वीणा घडवितात ती याच फणसाच्या लांकडाची, आणि ती एकाच ओंडक्यांतून कोरून काढलेली असली म्हणजे तिचें मोल अधिक. मृदंगाचें खोडही बहुधा फणसाचेंच. तेव्हां लांकूड आणि सूर यांचें नातें जुळविण्याला फणसवाडी हें ठिकाण वाईट नव्हे.

या वाडींतील एखाद्या चाळीचा तिसरा मजला श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावा. दोन खोल्यांचें बिऱ्हाड. एका कोपऱ्यांत गवसणी घातलेला मिरजेचा तंबोरा उभा आहे. त्याच्या तबलीला बारीक चीर गेली आहे आणि दोन वर्षांपासून ‘मिरजेस नेला पाहिजे’ एवढेंच बोलणें चाललें आहे. दुसऱ्या कोपऱ्यांत नातवानें मित्राकडून चार दिवसांच्या बोलीनें आणलेली विजेची गिटार. वायर न जोडतां तो तारा छेडतो, तेव्हां डांस कानाशीं यावा तितकाच आवाज निघतो.

“अरे, ही वाजते कीं नुसती गुणगुणते?” आजोबा विचारतात.

“आजोबा, हिचें लांकूड अगदीं साधें आहे. महॉगनीची घेतली म्हणजे सूर कसा भरदार येतो, तें तुम्ही ऐकाच.”

महॉगनीच्या गिटारीला साध्या गिटारीच्या दुप्पट दाम पडतो. वडिलांच्या हातीं दिवाळीच्या बोनसाची रक्कम आहे, आणि तींत महॉगनी तरी होईल किंवा तंबोऱ्याची दुरुस्ती तरी होईल. दोन्हीं व्हावयाचीं नाहींत. हा घरगुती पेंच सोडवावयाचा तर लांकूड सुराला काय देतें आणि त्याचें काय घेतें, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. बहुतेकांची चूक होते ती येथेंच. तंबोऱ्याविषयीं जें खरें, तें ते डोळे मिटून गिटारीला लावतात.

ताणलेली तार एकटी फारसा आवाज करूं शकत नाहीं. ती इतकी बारीक असते कीं हवेला ढकलण्याऐवजीं हवा चिरीत जाते. सुरीनें वारा घालून पाहावा, म्हणजे हें ध्यानांत येईल. वारा घालावयाला पंखाच लागतो, आणि तंबोऱ्याची तबली हाच त्याचा पंखा. तारेचें कंपन घोडीवरून तबलींत उतरतें, तबली आपल्या रुंद अंगानें हवा हालविते, आंतील भोपळ्याची पोकळी तिला साथ देते, आणि मग कोठें तो आवाज खोलीभर होतो. तबली जाड राहिली तर सूर कोंडतो. फार पातळ झाली तर कालांतरानें घोडीखालीं खचते. लांकूड ओलें असेल तर कंपन त्यांतच मुरून जातें. म्हणून तंबोऱ्याच्या बाबतींत लांकूड कोणतें, किती मुरलेलें आणि कोणाच्या हातानें तासलेलें, हे प्रश्न म्हणजे खुद्द आवाजाचेच प्रश्न होत.

मिरजेच्या कारागिरांनीं ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. एकोणिसाव्या शतकांत, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाखालीं, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनीं वाद्यें घडविण्यास प्रारंभ केला, आणि पुढें त्या घराण्यांत सतारमेकर हेंच आडनांव रूढ झालें. तरवारीची धार पाहणारा डोळा जवारीच्या कामीं यावा, यांत नवल तें काय! पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, तुणीचें लांकूड आणि घोडीवर तासन्‌तास घासत बसणारा माणूस, एवढ्या भांडवलावर हें गांव देशभर गाजलें. मिरजेस राहणारे खांसाहेब अब्दुल करीमखां तर आपल्या वाद्यांची दुरुस्ती स्वतःच्या हातानें करीत. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु आज तंबोरा खिशांतल्या फोनमध्येंही वाजतो, आणि मानांकनाचा कागद पाहून गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतेंच असें नाहीं.

आतां विजेच्या गिटारीकडे वळूं. ती जन्मली ती लांकडाच्या मर्यादेंतूनच. अमेरिकेंत नाचाच्या दिवाणखान्यांत वाजणारे वाद्यवृंद मोठे होऊं लागले, आणि तुताऱ्या व ढोल यांच्या गर्दींत गिटारीचा आवाज कोणाच्याही कानीं पडेना. त्या काळीं हवाई बेटांच्या पद्धतीनें मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याच्या गिटारीचें तिकडे मोठें वेड होतें. असाच एक हवाई गिटारवादक जॉर्ज बोशां यानें अडॉल्फ रिकनबॅकर याच्या साह्यानें १९३१ सालीं तारेचें कंपन थेट विजेंत बदलण्याची युक्ति साधली. तिचा पहिला नमुना लांकडाचा कोरलेला होता. पण १९३२ मध्यें जी विक्रीस आली ती गिटार सबंध ओतीव ॲल्युमिनियमची होती. वाटोळें अंग आणि लांब दांडा यांमुळें लोकांनीं तिला ‘तळण्याचा तवा’ असें नांव ठेवलें. पेटंट मिळण्यास मात्र १९३७ साल उजाडलें. महॉगनीच्या भक्तांनीं हें विसरूं नये कीं, बाजारांत यश मिळविणाऱ्या पहिल्या विजेच्या गिटारींत लांकूड जवळजवळ नव्हतेंच! रंगमंचाच्या दिव्यांच्या उष्णतेनें ॲल्युमिनियम फुगे आणि सूर ढळत, म्हणून १९३५ सालीं त्याच कारखान्यानें बेकेलाइटची गिटार काढली. बेकेलाइट म्हणजे जुन्या टेलिफोनचीं व विजेचीं बटणें ज्याचीं होत, तोच तो काळा पदार्थ.

बोशांच्या युक्तीचें मूळ फॅरडेच्या १८३१ सालच्या शोधांत आहे. तारेच्या वेटोळ्याजवळील चुंबकक्षेत्र बदललें कीं त्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. सायकलच्या डायनामोंत हेंच घडतें; तेथें चाकाबरोबर चुंबक फिरतो. गिटारींतील या साधनाला पिकअप म्हणतात. त्यांत लहान चुंबक असतात आणि त्यांच्याभोंवतीं केंसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे दिलेले असतात. चुंबकाच्या सान्निध्यानें वरची पोलादी तार स्वतःच किंचित् चुंबक बनते; ती हालली कीं क्षेत्र हालतें, आणि वेढ्यांत तिच्या कंपनाबरहुकूम दुबळी वीज वाहूं लागते. अँप्लिफायर ती बळकट करतो आणि लाऊडस्पीकर तिचा पुन्हां आवाज करतो.

येथें एक गोष्ट मनांत पक्की ठसली पाहिजे. पिकअपला हवेंतला आवाज ऐकूं येत नाहीं. त्याला कान नाहींत. त्याला समजतें तें केवळ पोलादाचें हालणें. याचा पडताळा घरींही घेतां येतो. नातवानें शीतकपाटावर चिकटविलेलें लोहचुंबक काढून तंबोऱ्याच्या तारांजवळ धरावें. जोडीच्या पोलादी तारा त्याकडे ओढ घेतील. पण खर्जाची पितळी तार ढिम्म हालावयाची नाहीं. याचा अर्थ असा कीं, तंबोऱ्यावर गिटारीचा पिकअप बसविला, तर ज्या खर्जानें सबंध मैफल सांवरून धरावयाची, नेमका तोच खर्ज त्याला ऐकूं येणार नाहीं!

पिकअपला तारेचें हालणें समजतें, पण तेंही सबंध तारेचें नव्हे, तर जेथें तो बसला असेल तेवढ्याच जागचें. विजेच्या गिटारीच्या स्वरभेदाचें खरें मर्म येथें आहे, आणि तंबोरा ऐकलेल्या माणसाला तें चटकन् कळतें. खर्जाच्या तारेंतून षड्जाबरोबर स्वयंभू गंधार निघतो, हें गाणाऱ्या घराला सांगावयास नको. तार एकाच वेळीं सबंध हालते, दोन भागांत हालते, तीन, चार, पांच भागांत हालते. पांच भागांतील कंपन हाच तो गंधार. ज्या ज्या ठिकाणीं हे भाग एकमेकांना जोडलेले असतात, तेथें त्या स्वरापुरती तार स्थिर असते. घोडीपासून तारेच्या एक-पंचमांश अंतरावर पिकअप बसविला, तर मोकळ्या तारेच्या गंधाराला तो बहिरा होईल. पुष्कळ गिटारींत दांडीजवळचा पिकअप घोडीपासून सुमारें पाव लांबीवर येतो; तेथें चार भागांचें कंपन, म्हणजे दोन सप्तकें वरचा षड्ज, मावळतो आणि नाद गोल व मऊ लागतो. घोडीजवळच्या पिकअपला उंच स्वयंभू स्वरांचा वांटा अधिक मिळतो, म्हणून त्याचा नाद टोंकदार. एकाच गिटारीवर, त्याच लांकडावर, एक खटका खालींवर केला कीं जणूं वाद्यच बदलतें.

तार छेडण्याच्या जागेलाही असाच नियम आहे. जेथें छेडावें, तेथें स्थिर राहणारा स्वर उमटूं नये, असें टॉमस यंगनें पूर्वींच सांगून ठेवलें होतें. १९२१ सालीं कलकत्त्यास चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं तंबोरा व वीणा तपासून दाखवून दिलें कीं, आपलीं वाद्यें हा नियम मोडतात. घोडीचा रुंद, किंचित् वक्र माथा आणि तंबोऱ्यांत तिच्यावर सरकवलेला सुताचा धागा यांमुळें तार प्रत्येक कंपनांत घोडीला चाटून जाते, आणि जे स्वर निघूं नयेत तेही निघतात. यालाच आपण जवारी म्हणतों. नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या शास्त्रज्ञाला जिच्याविषयीं लिहावेंसें वाटलें, ती गोष्ट मिरजेचा कारागीर कानसाच्या चार हातांनीं साधतो, याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाहीं.

पिकअपचा एक दुर्गुणही आहे. हजारों वेढ्यांचें तें वेटोळें तारेचें कंपन टिपतें, त्याबरोबर आसपासच्या विजेच्या तारांचेंही टिपतें. मुंबईच्या विजेचीं सेकंदाला पन्नास आवर्तनें. तिचा घुंघुं असा खर्ज गिटारींतून सारखा वाहूं लागतो. जुन्या चाळींत, जेथें एकाच फळीवर सगळ्या वायरी एकमेकींच्या गळ्यांत पडलेल्या असतात, तेथें तर विचारूंच नये. यावर गिब्सन कारखान्यांतील सेथ लव्हर यानें १९५५ सालीं पेटंटासाठीं अर्ज केलेला उपाय मोठा सुबक होता. त्यानें दोन वेटोळीं शेजारीं शेजारीं ठेविलीं. एकाचे वेढे उलट दिशेनें जोडले आणि चुंबकही उलटा ठेविला. बाहेरचा गुणगुणाट दोहोंत परस्परविरुद्ध येऊन नाहींसा होतो. तारेच्या बाबतींत मात्र दोन उलट मिळून सुलट होतें व बेरीज होते. पेटंट १९५९ सालीं मिळालें. त्या काळच्या पिकअपांखालीं ‘पेटंटासाठीं अर्ज केला आहे’ अशी चिठ्ठी चिकटवीत, आणि आज त्या चिठ्ठीचे पिकअप संग्राहक सोन्याच्या भावानें घेतात. दोन वेटोळीं तारेच्या दोन जागा ऐकतात, म्हणून उंच स्वर थोडे दबतात आणि नाद जाडसर होतो. या जाडसर नादाचें श्रेय लोक बहुधा महॉगनीला देतात, कारण हे पिकअप गिब्सनच्या महॉगनी गिटारींवर बसविलेले असत!

भरीव अंगाची गिटार कशी आली, तेंही थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पोकळ गिटारीवर पिकअप बसविला कीं लाऊडस्पीकरचा आवाज तिच्या तबलीला हालवी, तबली तारेला हालवी, आणि एक कर्कश किंकाळी सुरूं होई. तेव्हां तबलीच नको, असें पुष्कळांच्या मनांत आलें. लेस पॉल नांवाच्या वादकानें १९४० च्या सुमारास चक्क चौकोनी वाशावर तारा व पिकअप चढविले. गंमत अशी कीं, नुसता वासा पाहून प्रेक्षकांना तें वाद्य रुचेना. त्यानें दोन्ही बाजूंना गिटारीचे कापलेले पंख लावले, आणि मग तेंच लोकांना आवडलें. माणूस डोळ्यांनीं किती ऐकतो, याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण. पुढें लिओ फेंडर यानें १९५० सालीं भरीव गिटार बाजारांत आणली. हा फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नव्हती. त्यानें अॅश व पुढें आल्डर हीं लांकडें घेतलीं तीं तिकडे तीं सहज मिळत आणि यंत्रावर नीट कापलीं जात म्हणून. १९५२ सालीं गिब्सननें महॉगनीवर मेपलचा थर देऊन आपली गिटार काढली. या दोन घराण्यांचे नाद निराळे आहेत, हें खरें. पण त्यांच्या तारांची लांबी निराळी, पिकअप निराळे, घोडी निराळी आणि दांडी बसविण्याची रीतही निराळी. इतक्या भेदांतून लांकूड तेवढें बाजूला काढून त्याच्या गळ्यांत माळ घालणें शास्त्राला धरून नाहीं.

मग भरीव गिटारींत लांकडाला कांहींच काम नाहीं काय? काम आहे, पण तें तंबोऱ्याच्या उलट आहे. तंबोऱ्याची तबली तारेची शक्ति घेते आणि ती आवाज करून आपल्या कानांपर्यंत पोंचविते. विजेच्या गिटारीचें लांकूडही तारेची शक्ति थोडी घेतें. परंतु घेतलेलें पिकअपपर्यंत पोंचत नाहीं, तेवढें तारेंतून वजाच होतें. तंबोऱ्याचें लांकूड दाता, हें लांकूड कर वसूल करणारा. हा कर सर्व स्वरांवर सारखा नसतो. दांडी ज्या स्वराला स्वतः थरथरते, तो स्वर त्या घरांत लवकर मरतो. वादक अशा जागेला मृत घर म्हणतात. जर्मनींत याचीं मापें घेण्यांत आलीं, तेव्हां दोष बहुशः धडापेक्षां दांडीचा निघाला. म्हणजे लांकडाचा परिणाम शून्य नाहीं. पण पिकअपची जात, त्याची जागा व उंची, तारा जुन्या कीं नव्या, नखी जाड कीं पातळ, यांपुढें तो लहान आहे. पिकअप तारांच्या फार जवळ चढविला तर चुंबक तारेला खेंचतो आणि सूर डळमळतो. हा दोष महॉगनी घेऊन जात नाहीं, एक पेंचकस घेऊन जातो.

लांकडाची खरी परीक्षा मुंबईच्या पावसाळ्यांत होते. चार महिने हवा ओली, मग एकाएकीं कोरडी. कच्च्या लांकडाची दांडी वांकते आणि तारा पट्ट्यांवर घासूं लागतात. म्हणून मुरलेलें लांकूड आणि आंत लोखंडी सळई घातलेली सरळ दांडी यांसाठीं दोन पैसे अधिक गेले तर ते सार्थकीं लागतात. दांडीवरील पट्टी पुष्कळदां शिसवीची असते, आणि शिसव आपल्या सह्याद्रींतही वाढते. ब्राझीलच्या शिसवीच्या व्यापारावर १९९२ सालीं कडक बंदी आली, त्याच्या आधींपासूनच परदेशांतील कारखाने हिंदुस्थानच्या शिसवीकडे वळले होते. अमेरिकेहून आलेल्या गिटारीवर बोट ठेवावें आणि तें बोट आपल्याच डोंगरांतील झाडावर पडावें, असें घडतें.

या गिटारीला भोपळा मुळींच नाहीं असेंही नव्हे. तो दूर जमिनीवर ठेवलेला असतो एवढेंच. लाऊडस्पीकर आणि त्याची लांकडी पेटी हाच तिचा भोपळा. तेथें मात्र फळी जाड कीं पातळ, पेटी मागून उघडी कीं बंद, यांनीं नाद खरोखर बदलतो. १९७१ सालच्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ या चित्रपटांत भूपिंदर सिंग यांची गिटार ज्यांनीं ऐकली, त्यांच्या कानांत राहिलेला नाद धडाच्या लांकडाहून तार, पिकअप, अँप्लिफायर आणि वादकाचीं बोटें यांचाच अधिक आहे.

फणसवाडीहून ठाकूरद्वारावरून धोबीतलाव पंधरावीस मिनिटांच्या वाटेवर आहे. तेथें १८६५ सालापासून वाद्यांच्या व्यापारांत असलेलें फुर्ताडो हें नांव अजून दुकानावर वाचावयास मिळतें. नातवानें आजोबांना तेथें न्यावें. आजोबांनीं पाठ फिरवून बसावें. नातवानें एकाच जातीचे पिकअप असलेल्या, पण निरनिराळ्या लांकडांच्या दोन गिटारी एकाच अँप्लिफायरवर, आवाज सारखा ठेवून, आळीपाळीनें वाजवाव्या. तंबोऱ्याची जवारी एका श्रुतीनें हालली तर ओळखणारा कान घरांतच आहे, त्याचा उपयोग करून घ्यावा. मग अदलाबदल करून नातवानें पाठ फिरवावी. दहा वेळां सांगावयाचें, आणि कितीदां बरोबर आलें तें वडिलांनीं कागदावर मांडावयाचें. खर्च त्यांच्याच बोनसाचा आहे.

साध्या लांकडाची, सरळ दांडीची, बऱ्या पिकअपची गिटार घेतली तर जी रक्कम उरते, तींत मिरजेचें भाडें आणि तबलीचें काम बसतें. तबलीच्या चिरेला मात्र दुसरा पर्याय नाहीं. तेथें लांकूडच बोलतें, आणि फाटलेल्या पंख्यानें वारा यावयाचा नाहीं.

घरीं परतल्यावर आणखी एक प्रयोग आजोबांनीं करून दाखवावा. गिटारीची वायर काढून ठेवावी, तार छेडावी, आणि ती वाजत असतांनाच गिटारीचें टोंक भिंतींतल्या जुन्या सागवानी कपाटाच्या दारावर टेंकवावें. डांसाएवढा तो आवाज एकदम मोठा होतो, कपाटांतील पितळेचीं भांडीं किणकिणतात. आणि तार मात्र नेहमींपेक्षां लवकर थांबते.

“हें काय झालें हो, आजोबा?”

“कपाटानें तुझ्या तारेचें ऐकलें. आतां ती गवसणी काढ, आणि तंबोरा इकडे घे. पण जपून, चीर त्या बाजूला आहे.”